ज्याँ-शार्ल आल्फाँ

ज्याँ-शार्ल अदोल्फ आल्फाँ (जन्म : २६ ऑक्टोबर १८१७, ग्रनोबल, मृत्यू : ६ डिसेंबर १८९१, पॅरिस) हे फ्रेंच स्थापत्य अभियंता, उद्यानरचनाकार व नगरप्रशासक होते. पॅरिस शहराची एकोणिसाव्या शतकात जी पुनर्रचना झाली, तीत उद्याने, चौक व वृक्षराजी यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे शहराच्या सर्व बांधकामांचे आणि अखेरीस पाणीपुरवठा व मैलानिःसारणाचेही ते प्रमुख झाले. ब्वा द बूलोन्य, ब्वा द व्हँसेन, पार्क मोंसो, मोंसूरी आणि ब्यूत-शोमों ही त्यांच्या देखरेखीखाली घडलेली प्रमुख उद्याने होत. त्यांपैकी ब्यूत-शोमों हे उद्यान खाणकामाने पोखरलेल्या आणि अनेक दशके शहराचा मैला व मेलेली जनावरे टाकून दूषित झालेल्या जमिनीवर उभे राहिले. शहरातील निकामी व दूषित जमिनीची पाहणी करून, ती सुधारून लोकोपयोगात आणण्याच्या आधुनिक इतिहासात हे काम आरंभीचे व महत्त्वाचे मानले जाते.

जन्म, शिक्षण व बोर्दोतील कार्य

आल्फाँ यांचा जन्म आल्प्स पर्वताच्या कुशीतील ग्रनोबल या गावी झाला. १८३५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेत प्रवेश मिळविला व १८३७ मध्ये ते पूल आणि रस्ते यांचे शिक्षण देणाऱ्या शासकीय अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले. या विद्यालयातून बाहेर पडणारे अभियंते थेट राज्याच्या सेवेत जात. जमिनीची मोजणी, उतारांचा हिशेब, पाण्याचा निचरा, भराव आणि खोदाई यांचे जे काटेकोर शिक्षण तेथे मिळे, त्याचाच उपयोग आल्फाँ यांना पुढे उद्यानांच्या कामात झाला. ते पेशाने माळी नव्हते आणि वास्तुविशारदही नव्हते. जमिनीकडे ते प्रथम अभियंत्याच्या दृष्टीने पाहत.

१८३९ मध्ये त्यांची नेमणूक नैर्ऋत्य फ्रान्समधील बोर्दो येथे झाली. पुढील सुमारे पंधरा वर्षे त्यांनी त्या भागातील सार्वजनिक बांधकामांत घालविली. १८५१ मध्ये जॉर्ज-युजेन ओस्मान हे जिरोंद जिल्ह्याचे प्रशासक म्हणून बोर्दोला आले. १८५२ मध्ये लुई-नेपोलियन बोनापार्त यांनी बोर्दोला भेट दिली, तेव्हा स्वागतसमारंभाच्या व्यवस्थेत आल्फाँ यांनी दाखविलेले कौशल्य ओस्मान यांच्या लक्षात राहिले. त्याच वर्षअखेर लुई-नेपोलियन हे तिसरा नेपोलियन या नावाने फ्रान्सचे सम्राट झाले आणि १८५३ मध्ये त्यांनी ओस्मान यांना पॅरिससह सेन जिल्ह्याचे प्रशासक नेमले. ओस्मान यांनी बोर्दोत पारखलेल्या या अभियंत्याला १८५४ मध्ये राजधानीत बोलावून घेतले.

पॅरिसमधील आरंभीची कामे

त्या वेळी पॅरिस हे दाट वस्तीचे, अरुंद गल्ल्यांचे व रोगराईने गांजलेले शहर होते. १८३२ आणि १८४९ या वर्षी पटकीच्या साथींनी तेथे हजारो बळी घेतले होते. दूषित हवेतून रोग पसरतात, अशी त्या काळच्या वैद्यांची व प्रशासकांची समजूत होती. त्यामुळे रुंद रस्ते, झाडे आणि मोकळ्या जागा यांना आरोग्याचे साधन मानले जाई. लंडनमधील उद्याने पाहून आलेल्या सम्राटाला पॅरिसमध्येही तशीच उद्याने हवी होती.

शहराच्या पश्चिमेकडील ब्वा द बूलोन्य हे राजघराण्याचे जुने शिकारीचे रान १८५२ मध्ये नगरपालिकेच्या ताब्यात देण्यात आले होते. तेथील काम प्रथम व्हारे नावाच्या उद्यानरचनाकाराकडे होते. सम्राटाच्या इच्छेनुसार त्यांनी एक लांबट, वळणदार जलाशय खोदावयास घेतला. परंतु जमिनीच्या पातळ्यांचा अंदाज चुकल्याने त्याच्या एका टोकाला पाणी टिकणे अशक्य होते. आल्फाँ यांनी पातळ्या मोजून एकाऐवजी वेगवेगळ्या उंचीवरची दोन तळी केली व त्यांच्यामध्ये पाण्याला उतरण दिली. १८५८ पर्यंत हे काम बव्हंशी पूर्ण झाले. अमेरिकन उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड १८५९ मध्ये पॅरिसला आले, तेव्हा ते या उद्यानात वारंवार गेले व आल्फाँ यांची त्यांनी भेट घेतली.

आल्फाँ यांनी आपल्या खात्यात जाणकार माणसे एकत्र आणली. वृक्षलागवडीसाठी बोर्दोहून आलेले बागायततज्ज्ञ ज्याँ-पिएर बारिये-देशाँ, इमारती व बागेतील वास्तूंसाठी वास्तुविशारद गाब्रिएल दाव्यू आणि पुढे तरुण उद्यानरचनाकार एदुआर आंद्रे हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. पाणीपुरवठा व भूमिगत गटारे यांचे काम युजेन बेलग्राँ या अभियंत्याकडे होते. या सर्वांच्या मदतीने शहरात लहान चौकबागा, रस्त्याकडेच्या झाडांच्या रांगा, बाके, दिवे व जाळ्या यांची एकसारखी व्यवस्था उभी राहिली. १८६१ मध्ये पार्क मोंसो हे नूतनीकरण केलेले उद्यान लोकांसाठी खुले झाले.

मोंफोकों व ब्यूत-शोमोंची जमीन

१ जानेवारी १८६० रोजी पॅरिसभोवतीची अनेक गावे शहरात सामील करण्यात आली. ईशान्येकडील बेलव्हिल व ला व्हिलेत ही त्यांपैकी कामगारवस्तीची गावे होती. शहराच्या मध्यभागातील जुनी घरे पाडली गेल्यामुळे बेघर झालेली अनेक गरीब कुटुंबे याच भागात राहावयास आली होती. या दोन गावांच्या मध्ये ब्यूत-शोमों नावाच्या टेकड्या होत्या. हे नाव ‘उघडा डोंगर’ या अर्थाच्या शब्दांवरून आले असे मानले जाते. चिकणमाती व जिप्सम यांनी बनलेल्या त्या जमिनीत फारसे काही उगवत नसे.

या परिसराची अपकीर्ती जुनी होती. जवळच मोंफोकों येथे तेराव्या शतकापासून राजसत्तेचा वधस्तंभ होता. दगडी खांबांवर उभारलेल्या त्या रचनेवर फाशी दिलेल्यांची प्रेते दिवसेंदिवस लटकत ठेवली जात. वधस्तंभ वापरातून गेल्यावर या भागाला शहराच्या उकिरड्याचे रूप आले. पॅरिसच्या घरांतील शौचकूपांतून उपसलेला मैला गाड्यांनी मोंफोकोंला आणून मोठमोठ्या उघड्या हौदांत ओतला जाई. वरचे पाणी निथळून गेल्यावर खाली राहिलेला गाळ वाळवून त्याचे सोनखत केले जाई व ते शेतकऱ्यांना विकले जाई. शेजारीच निकामी झालेले घोडे मारून त्यांची कातडी, चरबी व हाडे वेगळी करण्याच्या वाड्या होत्या. दरवर्षी हजारो घोडे तेथे आणले जात आणि उरलेले मांस उघड्यावर कुजत पडे. उंदरांचा सुळसुळाट व दुर्गंधी यांमुळे हे ठिकाण फ्रान्सभर कुप्रसिद्ध झाले होते.

टेकड्यांच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या. हे जिप्सम भाजून ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ तयार होत असे. राजधानीच्या वाढत्या बांधकामांसाठी पिढ्यान् पिढ्या खोदकाम झाल्याने तेथे तुटलेले कडे, खोल खड्डे व जमिनीखाली पोकळ बोगदे एवढेच शिल्लक राहिले होते. बेवारस झालेल्या खाणींत निराधार माणसे रात्रीचा आसरा घेत.

जमिनीची पाहणी व उपयोगाचा निर्णय

मोंफोकोंची शास्त्रीय पाहणी आल्फाँ यांच्याआधीच सुरू झाली होती. आरोग्यतज्ज्ञ अलेक्सांद्र पारां-द्युशातले (१७९०–१८३६) यांनी घोड्यांच्या वाड्यांत व मैल्याच्या हौदांजवळ स्वतः जाऊन, तेथील कामगारांची विचारपूस करून तपशीलवार अहवाल लिहिले. असह्य वाटणारी घाण आणि प्रत्यक्ष रोगकारक घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुसत्या वासावरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेथे काम करणारी माणसे अपेक्षेपेक्षा निरोगी असल्याचे त्यांनी नोंदविले. या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले; तरी जमिनीबद्दल निर्णय घेण्यापूर्वी तेथे जाऊन मोजमाप व चौकशी केली पाहिजे, हा पायंडा त्यांनी घातला.

१८४९ मध्ये मैल्याचे हौद मोंफोकोंहून शहराच्या ईशान्येस दूर असलेल्या बोंदी येथे हलविण्यात आले. घाण नव्याने येणे थांबले, तरी जमीन वापरण्याजोगी झाली नाही. ओस्मान व आल्फाँ यांच्यापुढे आलेला प्रश्न असा, की या जागेचे करावे काय. खालचे बोगदे कोसळण्याचा धोका असल्याने तेथे मोठ्या इमारती उभारणे शक्य नव्हते. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे पावसाच्या झिरप्याने नव्या पोकळ्या तयार होत. चिकणमातीचे उतार पावसात घसरत. घरांना अयोग्य असलेली ही जमीन उद्यानाला मात्र चालण्याजोगी होती. कारण उद्यानाचे वजन कमी असते आणि उतार व कडे ही त्याच्या दृष्टीने अडचण नसून सोय ठरू शकते. शिवाय पश्चिमेकडील श्रीमंत वस्तीला ब्वा द बूलोन्य मिळाले असताना ईशान्येकडील कामगारांना मोठे उद्यान नव्हते. या कारणांनी ब्यूत-शोमोंची निवड झाली आणि १८६४ मध्ये कामाला प्रारंभ झाला. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे २५ हेक्टर आहे.

ब्यूत-शोमोंची उभारणी

नुसती जमीन सारखी करून तिला पायऱ्यांचे रूप देण्यातच दोन वर्षे गेली. सुमारे एक हजार मजूर या कामावर होते. धोकादायक कडे सुरुंगाच्या बारांनी फोडून त्यांना स्थिर उतार देण्यात आला. मात्र सर्व कडे पाडून सपाटी करणे आल्फाँ यांनी टाळले. खाणकामाने उभा राहिलेला सर्वांत मोठा सुळका त्यांनी राखला, त्याच्याभोवतीच्या खड्ड्यात पाणी भरून सुमारे दीड हेक्टरचे तळे केले आणि सुळक्याला बेटाचे रूप दिले.

माती हा सर्वांत कठीण प्रश्न होता. मूळ जमीन नापीक व मलिन होती. ती सगळी उचलून नेणे शक्य नव्हते, म्हणून तिच्यावर स्वच्छ मातीचा जाड थर पसरण्याचे ठरले. त्यासाठी जागेवर तात्पुरते लोहमार्ग टाकण्यात आले आणि वाघिणींतून सुमारे २,००,००० घनमीटर सुपीक माती आणण्यात आली. हिरवळ व झाडे या आणलेल्या मातीत रुजली. दूषित थर जागीच ठेवून त्यावर स्वच्छ आच्छादन घालण्याची रीत आज जगभर दूषित जमिनींच्या सुधारणेत वापरली जाते. आजच्या रीतीत आच्छादनाआधी मातीचे नमुने तपासून कोणते विषारी पदार्थ किती खोल गेले आहेत हे पाहिले जाते, तसेच भूजलावर देखरेख ठेवली जाते. आल्फाँ यांच्या काळी रसायनशास्त्राची तेवढी मदत उपलब्ध नव्हती. रोगजंतूंचा सिद्धांतही त्या वेळी प्रस्थापित झालेला नव्हता.

पाण्याची व्यवस्थाही कृत्रिम होती. जवळच्या उर्क कालव्यातून पंपांनी पाणी उद्यानाच्या उंच भागात चढवून तेथून धबधबा व ओढे वाहते केले गेले. जुन्या खाणीच्या पोकळीचे गुहेत रूपांतर करून तिच्या छताला सिमेंटचे लोंबते सुळके बसविण्यात आले, आणि धबधबा त्या गुहेत कोसळेल अशी रचना झाली. खडकांचे तुटके भाग सिमेंटने जोडून सावरले गेले व लाकडाच्या फांद्यांसारखे दिसणारे कठडेही सिमेंटचेच केले गेले. बेटावर जाण्यासाठी एक दगडी कमानीचा पूल आणि ६३ मीटर लांबीचा एक झुलता पूल बांधण्यात आला. बेटाच्या माथ्यावर दाव्यू यांनी इटलीतील तिवोली येथील प्राचीन मंदिराच्या धर्तीवर गोल, खांबांचे छोटेसे मंदिर उभारले. उद्यानाच्या हद्दीतून पूर्वीच गेलेला वर्तुळाकार लोहमार्ग न हलविता खोल चरातून व बोगद्यातून तसाच जाऊ देण्यात आला.

१ एप्रिल १८६७ रोजी, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशीच, ब्यूत-शोमों लोकांसाठी खुले झाले. वधस्तंभ, मैल्याचे हौद व घोड्यांच्या वाड्या यांच्या आठवणी असलेल्या भागात कामगारांची मुले खेळू लागली. तथापि जमिनीचे मूळ दोष नाहीसे झाले नव्हते. उतारांची घसरण व जिप्सममधील पोकळ्या यांमुळे उद्यानाला पुढेही वेळोवेळी दुरुस्तीची व आधाराची गरज पडत राहिली.

शहराच्या दक्षिणेस मोंसूरी येथेही जुन्या खाणींच्या बोगद्यांवरील व लोहमार्गांनी तुकडे पडलेल्या जमिनीवर आल्फाँ यांनी उद्यान घडविले. त्याचे काम युद्धामुळे रेंगाळून १८७८ मध्ये पूर्ण झाले.

वेढा आणि कम्यून

वाढत्या कर्जामुळे व राजकीय विरोधामुळे ओस्मान यांना जानेवारी १८७० मध्ये पदावरून दूर करण्यात आले. आल्फाँ मात्र सेवेत राहिले. त्याच वर्षी प्रशियाशी युद्ध होऊन सम्राटाची सत्ता कोसळली व सप्टेंबर १८७० पासून जानेवारी १८७१ पर्यंत पॅरिसला वेढा पडला. या काळात तटबंदीच्या कामासाठी उभारलेल्या साहाय्यक अभियंता पथकाचे नेतृत्व आल्फाँ यांनी केले. तटबंदीसाठी व जळणासाठी ब्वा द बूलोन्यमधील झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. ज्या हातांनी ती लावली गेली होती, त्यांतील काहींनाच ती तोडण्याची देखरेख करावी लागली.

मार्च ते मे १८७१ या काळात पॅरिसमध्ये कम्यूनची सत्ता होती. बेलव्हिलचा परिसर तिचा बालेकिल्ला होता आणि ब्यूत-शोमोंच्या उंचवट्यावर कम्यूनच्या तोफा होत्या. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सरकारी फौजांनी शहर परत घेतले, तेव्हा या उद्यानात व त्याच्या आसपास मोठी कत्तल झाली. ठार झालेल्यांची प्रेते उद्यानात रचून जाळण्यात आली. कामगारांसाठी शुद्ध केलेली जमीन अवघ्या चार वर्षांत त्याच वस्तीतील माणसांची स्मशानभूमी ठरली. ब्यूत-शोमोंच्या इतिहासातील ही घटना उद्यानाच्या सौंदर्याच्या वर्णनात पुष्कळदा वगळली जाते.

उत्तर कारकीर्द व मैलापाण्याचा प्रश्न

१८७१ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने आल्फाँ यांना पॅरिसच्या बांधकामांचे संचालक नेमले. साम्राज्यात मोठे झालेले ते, प्रजासत्ताकातही वीस वर्षे त्याच पदावर राहिले. अर्धवट राहिलेले रस्ते, चौक व शाळांच्या इमारती त्यांच्या काळात पुऱ्या झाल्या. १८७८ मध्ये बेलग्राँ यांचे निधन झाल्यावर पाणीपुरवठा व गटारे हे विभागही त्यांच्याकडे आले. १८७८ व १८८९ या दोन्ही जागतिक प्रदर्शनांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १८८९ च्या प्रदर्शनाच्या बांधकामांचे ते मुख्य संचालक होते. आयफेल मनोऱ्याविरुद्ध फ्रेंच लेखक-कलावंतांनी १८८७ मध्ये जे जाहीर निषेधपत्र काढले, ते आल्फाँ यांनाच उद्देशून होते.

गटारांची जबाबदारी आल्यावर मोंफोकोंचा जुना प्रश्न त्यांच्यापुढे नव्या रूपात उभा राहिला. मोंफोकोंहून हलविलेला मैला बोंदीला जात होता, म्हणजे घाण संपली नव्हती, तिची जागा बदलली होती. १८८० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये असह्य दुर्गंधी पसरली व ईशान्येकडील उपनगरांतील मैल्याच्या कारखान्यांवर लोकांचा रोष झाला. शौचकूप उपसून मैला वाहून नेण्याची पद्धत बंद करावी, तो पाण्याबरोबर थेट गटारात सोडावा आणि गटाराचे पाणी नदीत न सोडता शेतजमिनीवर पसरून जिरवावे, या योजनेचा आल्फाँ यांच्या खात्याने पाठपुरावा केला. सेन नदीकाठी जेनव्हिलिए येथे असे प्रयोग १८६९ पासून चालू होते व तेथील रेताड जमिनीत भाजीपाला उत्तम पिकत होता.

या योजनेला घरमालकांनी खर्चामुळे आणि उपनगरांनी शहराची घाण आपल्या माथी मारली जाते म्हणून विरोध केला. लुई पाश्चर यांनीही मातीत रोगजंतू टिकून राहतील या शंकेने प्रतिकूल मत दिले. घरातील मैला गटारात सोडणे सक्तीचे करणारा कायदा १८९४ मध्ये, आल्फाँ यांच्या मृत्यूनंतर, संमत झाला. त्यानंतर आशेर, प्येरले इत्यादी ठिकाणी हजारो हेक्टर जमिनीवर पॅरिसचे मैलापाणी सोडले जाऊ लागले.

ग्रंथलेखन

आल्फाँ यांचा प्रमुख ग्रंथ पॅरिसमधील उद्याने व वृक्षाच्छादित रस्ते यांवर असून तो १८६७ ते १८७३ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात उद्यानांचे नकाशे, उतारांचे छेद, पूल, पंप, दिवे, बाके व जाळ्या यांची बारकाईने काढलेली चित्रे आणि खर्चाचे तपशील आहेत. बारोन एर्नूफ यांच्या सहकार्याने उद्यानकलेवरील ग्रंथही त्यांनी सिद्ध केला. झालेल्या कामाची मोजमापांसह नोंद ठेवून ती सर्वांसाठी खुली करण्याची त्यांची ही पद्धत इतर देशांतील नगररचनाकारांना उपयोगी पडली.

मूल्यमापन

आल्फाँ यांच्या कामाचे मोल ठरविताना अभ्यासक दोन गोष्टी विचारात घेतात. पहिली त्यांच्या दृष्टीची. निकामी झालेली जमीन शहराबाहेर ढकलून विसरून जाण्याऐवजी तिचे दोष नीट समजून घ्यावेत, जे दोष काढता येत नाहीत त्यांना सामावून घेईल असा उपयोग शोधावा आणि मगच आराखडा करावा, हा क्रम त्यांनी ब्यूत-शोमों येथे पाळला. खाणीचे कडे, बोगदे आणि लोहमार्ग हे अडथळे त्यांनी उद्यानाचेच घटक बनविले. विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडलेले गॅसकारखाने, गोद्या व पोलादाचे कारखाने यांच्या जागी उद्याने करताना हीच दृष्टी पुन्हा स्वीकारली गेली.

दुसरी गोष्ट त्या कामाच्या मर्यादांची. ब्यूत-शोमोंची जमीन सुधारता आली ती तिच्यावरची घाण आधी बोंदीला गेल्यामुळे. शहराच्या एका भागाला मिळालेली स्वच्छ हवा दुसऱ्या भागाच्या वाट्याला आलेल्या दुर्गंधीच्या किमतीवर होती. हा प्रश्न सोडविण्यासाठी पुढे स्वीकारलेला शेतीचा मार्गही निर्दोष ठरला नाही. गटारात कारखान्यांचे सांडपाणी मिसळू लागल्यावर प्येरलेच्या शेतांत शिसे व इतर जड धातू साचत गेले आणि शतकभराने तेथे भाजीपाला पिकविण्यास बंदी करावी लागली. त्या एक हजाराहून अधिक हेक्टर जमिनीवर २०१९ पासून नवे अरण्य लावले जात आहे. मोंफोकोंची घाण शहराबाहेर नेल्याने सुरू झालेल्या व्यवस्थेचा हिशेब अशा रीतीने दीडशे वर्षांनंतरही पूर्ण झालेला नाही, आणि तो चुकता करण्यासाठी पुन्हा मातीवर झाडे लावण्याचाच उपाय योजला गेला आहे.

उद्यानांमुळे भोवतालच्या जागांचे भाव वाढतात व मूळ गरीब रहिवासी दूर फेकले जातात, ही टीकाही पॅरिसच्या पुनर्रचनेवर होत आली आहे. ब्यूत-शोमोंच्या परिसराचे कामगारी स्वरूप मात्र दीर्घकाळ टिकून राहिले. आजही या भागातील दाट वस्तीला हे उद्यान मोठा विसावा आहे.

मृत्यू व स्मारके

जानेवारी १८९१ मध्ये ओस्मान यांचे निधन झाले. ललित कला अकादमीतील त्यांच्या रिक्त जागेवर आल्फाँ यांची निवड झाली. परंतु त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी, पदावर असतानाच, आल्फाँ यांचाही पॅरिस येथे मृत्यू झाला. पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. ब्वा द बूलोन्यकडे जाणाऱ्या, आज फॉश मार्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर शिल्पकार जूल दालू यांनी केलेले त्यांचे स्मारक १८९९ मध्ये उभारण्यात आले. त्यांच्या देखरेखीखाली घडलेली बहुतेक उद्याने पॅरिस नगरपालिका आजही सांभाळत आहे.